आतल्या साहेबाचं डिक्टेशन

आमचे सर समोरच्याचं बोलणं नुसतं ऐकत नसत, लिहून घेत. हातात पेन्सिल असो नसो. कुणी बोलायला लागलं की त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट गुडघ्यावर सरकायला लागे. एक बारीक रेघ, एक जाड रेघ, मध्येच अर्धं वाटोळं, शेवटी टिंब. भाजीवाल्याशी भाव करतानासुद्धा बोट आपलं मांडीवर चालूच. क्लासच्या पहिल्या दिवशी मला वाटलं, सरांना हात थरथरण्याचा आजार असावा. शेजारच्या मुलीने कानाशी येऊन सांगितलं की आजार नाही, सर तुझं बोलणं लघुलिपीत उतरवून घेतायत. मी घाबरून गप्प बसले, तसं सरांचं बोटही थांबलं.

नांदेडच्या जुन्या भागात, एका चपलांच्या दुकानाच्या वर त्यांचा टायपिंगचा आणि शॉर्टहँडचा क्लास होता. जिना इतका अरुंद की वर जाणाऱ्याने खालूनच "येऊन राहिले" अशी हाळी द्यायची, म्हणजे उतरणारा थांबायचा. हाळी विसरली की मधल्या पायरीवर दोघांची गाठ पडायची आणि मग कुणी मागे सरायचं यावर वाद. जिन्यात कायम नव्या चामड्याचा वास असे. आजही चपलांच्या दुकानात गेले की मला कारण नसताना परीक्षेची भीती वाटते.

सर एका सरकारी कचेरीतून लघुलेखक म्हणून निवृत्त झालेले. त्यांचे वडील जिल्दसाज, म्हणजे पुस्तकांची बांधणी करणारे. त्यामुळे बाजारातल्या वह्यांवर सरांचा काडीचा विश्वास नव्हता. आमच्या वह्या ते स्वतः शिवायचे, सुईदोऱ्याने, दाताने दोरा तोडत. दोन्ही कानांवर एकेक पेन्सिल खोचलेली. उजव्या कानावरची कडक, डाव्या कानावरची मऊ. कडक पेन्सिल साहेबाच्या कामाची. मऊ पेन्सिलीचं काम क्लासच्या शेवटच्या पाव तासात निघे.

त्याआधी डिक्टेशन. सरांना डिक्टेशनला काहीही चाले. लग्नपत्रिका, खताच्या पोत्यावरची सूचना, औषधाच्या खोक्यातला पातळ कागद, पेपरातली निधनवार्ता. सगळं एकाच गांभीर्याने वाचत. एकदा त्यांनी मिक्सरच्या गॅरंटी कार्डाचं डिक्टेशन दिलं आणि "पाण्यामुळे झालेल्या नुकसानीस कंपनी जबाबदार राहणार नाही" या ओळीला त्यांचा आवाज असा भरून आला, की पुढच्या बाकावरच्या एकीने डोळे पुसले. सर आम्हाला हसवत होते की खरंच त्यांना काही झालं होतं, ते मला त्या वेळी समजलं नाही. सरांच्या बाबतीत माझं कायम असंच व्हायचं.

शेवटच्या पाव तासात ते कडक पेन्सिली खाली ठेवायला सांगत आणि मऊ पेन्सिली घ्यायला लावत. मग स्वतः आमच्याकडे पाठ करून खिडकीकडे तोंड करून बसत. आता आम्ही मनातलं लिहायचं. विषय नाही, तपासणी नाही. फक्त हात थांबवायचा नाही. कुणाची पेन्सिल थांबली की त्यांना पाठमोऱ्यानेच कळे. "कोन थांबलं?" एवढंच विचारत, मान न वळवता.

याला त्यांनी नाव दिलं होतं, आतल्या साहेबाचं डिक्टेशन. नव्या मुलीला ते समजावून सांगत, आणि दरवेळी शब्द तेच. "बेटा, परत्येकाच्या आत एक साहेब बसलेला असतो. रातंदिवस बोलून राहिला. त्याला 'सर, जरा हळू' म्हनता येत न्हाई. तू घेतलं न्हाईस की तो वरडतो. घेतलंस की गप पडतो. आपलं काम घ्यायचं. साहेब खरं बोलतो का खोटं, ते आपन बघायचं न्हाई."

मी नायगावची. घरात दोन खोल्या, आई, बाबा, धाकटा भाऊ आणि मी. लोखंडी पेटीची किल्ली आईच्या कमरेला. माझ्या फोनचं लॉक भावाला माहीत, मामाला माहीत, शेजारच्या पोरांनाही माहीत. आमच्यासारख्या घरात मुलगी मनातलं लिहिणार ते कुठे, आणि लिहिलेलं ठेवणार तरी कुठे? सरांनी त्यावर लघुलिपीचा उतारा काढला होता. म्हणायचे, वही चुलीपाशी उघडी टाका, कोण वाचतंय. आई माझी वही हातात घेऊन म्हणायची, ही काय कोंबडीच्या पायाची नक्षी काढायला नांदेडला जातीस का. मी हो म्हणायची. त्याच पानावर कधी कधी तिच्याबद्दलच तक्रार असे.

फक्त एक शंका होती. सगळ्या गावाला कुलूप, पण सरांना तर ही लिपी येते. एकदा मी धीर करून विचारलंच, की तुम्ही आमच्या वह्या वाचल्या तर? सर रागावले. त्यांना रागावलेलं मी तेव्हा एकदाच पाहिलं. "दुसऱ्याचं शॉर्टहँड गार झाल्यावर वाचतो म्हननारा मानूस लबाड असतो," ते म्हणाले. "ज्यानं लिहिलं त्याला म्हैनाभरानं लागत न्हाई, मला काय लागनार? आधी वाक्य कानात असलं तर रेघ बोलती. न्हाई तर मुकी."

हे खरंच आहे. लघुलेखकाने ताजं ताजं टाइप करून टाकायचं असतं, नाहीतर आपल्याच रेघा आपल्याला ओळख देत नाहीत. मग वाचता न येणारं लिहायचं कशाला, असं आमच्यातल्या एकीने विचारलं. सर म्हणाले, तू जेवतीस ते परत बघायला जेवतीस का. आणि दुसऱ्याच आठवड्यात हेच सर आम्हाला झापत होते की मागचं पान उलटून बघत जा, मानसाला आपली वळणं कळली पायजेत. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. उलटून बघायचं की नाही? त्यांना विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं की बोट गुडघ्यावर चालायला लागायचं, आपला प्रश्न उतरवून घेतला जायचा आणि उत्तर यायचं नाही.

त्या लिहिण्याने काही होत असे का? होत असे. एका मुलीला असं महिनोन्‌महिने लिहिता लिहिता कळलं की तिला शॉर्टहँड शिकायचंच नाही, पार्लर काढायचं आहे. ती क्लास सोडून गेली त्या दिवशी सरांनी पेढे वाटले. एकीची डोकेदुखी गेली. एकजण मात्र अजूनही भेटली की म्हणते, मी एवढं लिहिलं, माझ्या आतला साहेब रजेवरच होता. माझं म्हणाल तर लिहून झालं की मला भूक लागायची. यापलीकडे मला तेव्हा काही जाणवलं नाही.

क्लासमध्ये खिडकीजवळ एक लाकडी खुर्ची होती. तिच्यावर कुणालाही बसू देत नसत. गर्दी झाली, मुली जिन्यावर बसल्या, तरी ती खुर्ची रिकामी. खालचा चपलावाला सांगायचा, सरांचा मुलगा आखातात गेला तो परत आलाच नाही. ईदला शीरखुर्म्याचा डबा घेऊन येणारी त्यांची बहीण म्हणायची, भाईजानला मूलबाळ कुठे हाय. सरांना विचारलं तर म्हणाले, तिचा पाय मोडका आहे. पाय चांगला धडधाकट होता.

माझा भाऊ लातूरला एका ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये कामाला होता. बुद्धपौर्णिमेला आईने खीर केली होती आणि सकाळी फोन करून त्याला बजावलं होतं की आज संध्याकाळपर्यंत यायलाच पाहिजेस. दुपारी त्याचा मला फोन आला. मी क्लासच्या जिन्यात होते. वरून कुणीतरी उतरत होतं, मी भिंतीला चिकटून उभी राहिले, चामड्याचा वास येत होता, आणि फोनवर तो बोलत होता. हे सगळं मला आठवतं. तो काय बोलला ते आता आठवत नाही. त्या संध्याकाळी चाकूरच्या अलीकडे त्याच्या मोटारसायकलला ट्रकने उडवलं. त्यानंतर फोनांवर फोन येत राहिले.

भावाच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सर नायगावला आले. आईसमोर उभे राहून त्यांनी हात जोडून जयभीम केला आणि मांडवात पुरुषांमध्ये जाऊन बसले. आई आतून आक्रोश करत होती, "मीच बलावलं, माझ्यापायी पळत आला माझा सोन्या," आणि सरांचं बोट मांडीवर चाललं होतं. माझ्या मामाला वाटलं मास्तरांना झटका येतोय, त्याने पाणी आणून दिलं. मला त्या वेळी सरांचा संताप आला. माणसाच्या रडण्याचंही डिक्टेशन घ्यायचं का? पण त्या मांडवात आईचं शब्द न्‌ शब्द ऐकणारा तो एकच माणूस होता, हेही मला दिसत होतं. बाकीचे सगळे जेवण कधी वाढायचं ते बोलत होते.

महिन्याभराने मी परत क्लासला गेले. सरांनी सांत्वन वगैरे केलं नाही. डाव्या कानावरची पेन्सिल काढून माझ्यापुढे ठेवली. मी त्या दिवशी सगळा तास लिहिलं, दुसऱ्या दिवशीही. फोनवर तो काय बोलला ते मला तेव्हा आठवत होतं आणि मी ते लिहून काढलं, एवढं पक्कं आठवतं. लिहून झालं तसं आतलं गप झालं. घरी जाऊन मी पोटभर जेवले आणि जेवले म्हणून रडले. आतला साहेब गप झाला खरा, पण जाताना भावाचं बोलणंही बरोबर घेऊन गेला, हे मला पुष्कळ उशिरा समजलं.

पुढे मला लातूरला सरकारी नोकरी लागली, लग्न झालं. बाबा गेले. नायगावच्या घरात आई एकटी राहिली. लातूरला ये म्हटलं की म्हणे, बघू. संध्याकाळी पुढचं दार ती कधी लावत नसे. नुसतं लोटून ठेवायची. कुत्री आत येत, एकदा पातेल्यातलं दूध संपवून गेली, तरी कडी लावायची नाही. शेजारणी म्हणायच्या, म्हातारीला विसरायला झालंय. तिला काहीच विसरायला झालेलं नव्हतं. भावाचं नाव मात्र घरात कुणी काढत नव्हतं, ती नाही आणि मीही नाही.

मागच्या दिवाळीत भाकरी थापता थापता तिने एकदम विचारलं, "शेवटी तुला फोन आल्ता की त्याचा. काय म्हनला व्हता?" मी म्हटलं, आठवत नाही. ती म्हणाली, "घाईत व्हता का?" आणि माझ्याकडे न बघता भाकरी उलटली. तेवढ्याने मला कळलं की मांडवात जे ती ओरडत होती ते ती अजून मनात ओरडतेच आहे. तिला एवढंच पाहिजे होतं. पोरगा आपण बोलावलं म्हणून जीव टाकून पळत निघाला होता का, एवढं.

लातूरला येऊन मी ती जुनी वही काढली. ते पान सापडलं. वर तारीख होती म्हणूनच सापडलं म्हणायचं, कारण मऊ पेन्सिलीचं लिखाण पानाला पान घासून पार राखाडी होऊन गेलं होतं. लघुलिपीत जाड रेघेचं अक्षर वेगळं आणि बारीक रेघेचं वेगळं. इथे सगळ्या रेघा सारख्याच जाड. ज्या सरांनी आयुष्यभर शॉर्टहँड शिकवलं, त्यांनी मनातलं लिहायला नेमकी पुसली जाणारी पेन्सिल का द्यावी? त्यांच्या लक्षात आलं नव्हतं की मुद्दाम दिली होती? मी चार रविवार त्या पानाशी झटले. नोकरीत मी मोठ्या मोठ्या साहेबांचं बोलणं उतरवते, पण माझंच पान मला लागेना.

शेवटी नांदेडला गेले. चपलांचं दुकान तिथेच होतं, वरचा क्लास नावालाच. शॉर्टहँडला आता कोण येतं. सर खिडकीशी बसून वही शिवत होते, कुणासाठी कोण जाणे. कानांवर पेन्सिली होत्या. मला पाहून म्हणाले, "हाळी न्हाई दिलीस." जणू मी कालच क्लास सुटल्यावर गेले होते. आणि त्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाले, "बस तितं." मी बसले. इतक्या वर्षांनी खुर्चीचं काय झालं ते विचारावंसं वाटलं, पण मी माझंच घेऊन आले होते.

मी त्यांना सगळं सांगितलं. आईचा प्रश्न, भाकरी, लोटलेलं दार, कुत्री. त्यांचं बोट गुडघ्यावर चालू होतं. मग मी वही पुढे केली. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. जवळचं वाचताना ते चष्मा लावायचे की काढायचे, हे मला काही केल्या आठवेना. त्यांनी पान खिडकीच्या उजेडाला धरलं, जरा वेळ पाहिलं, आणि न अडखळता वाचलं.

"तायडे, आज निघायचं जमंल असं वाटत न्हाई. आईला सांग, वाट बघू नको. उद्या सकाळी निवांत येतो."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. वही त्यांच्या डाव्या हातात होती आणि उजव्या हाताचं बोट गुडघ्यावर चाललं होतं. सर स्वतः वाचत असले की त्यांचं बोट कधी चालत नसे. गॅरंटी कार्ड वाचतानाही नाही. कुणी दुसरं बोलत असलं तरच चाले. मग आत्ता कोण बोलत होतं? मी विचारलं, "सर, हेच लिहिलंय?" ते म्हणाले, "तूच लिहिलंयस." मी म्हटलं, दुसऱ्याचं गार झालेलं वाचणारा लबाड असतो असं तुम्हीच सांगितलं होतं. त्यांनी वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाले, "उशीर होईल तुला. नायगावची गाडी हाय आत्ता."

गाडीत मी त्या पानाकडे बघत बसले. आता प्रत्येक रेघ तेच बोलत होती. ही आई, ही वाट, हे निवांत. पण वाक्य कानात पडल्यावर रेघ तेच बोलणार, हेही सरांनीच शिकवलेलं. तायडे असं तो मला खरंच म्हणायचा, चिडवायचं असलं की. हे सरांना कुठून कळणार? पण आमच्याकडे अर्धे भाऊ बहिणीला तायडे म्हणतात. सरांना ते पान खरोखर लागलं असेल, तर त्यांना आम्हा सगळ्यांच्या वह्या तेव्हाही लागत होत्या. आमची आई, आमचे नवरे होऊ घातलेले पाहुणे, आमच्या चोऱ्या, सगळं. आणि लागलं नसेल, तर त्यांनी माझ्या भावाच्या तोंडी वाक्य घातलं, मीच आत्ता सांगितलेलं ऐकून. नाहीतर खुर्ची रिकामी ठेवून बसलेल्या सरांनाच वाट बघू नको असं कुणीतरी म्हणायला हवं होतं आणि कुणी म्हटलं नव्हतं. या तिन्हींत मला सरांचा राग कशाचा यावा, हेच ठरवता येईना. नदीवरचा पूल मागे गेला तो मला दिसलाच नाही. नायगाव येईपर्यंत मी आईला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, आणि घराच्या पायरीवर पाऊल ठेवताना सांगायचं असं.

आई दारातच सुपात ज्वारी निवडत बसली होती. मी सांगितलं. जसं सरांनी वाचलं तसंच, एकही शब्द इकडेतिकडे न करता. आईने हात पदराला पुसून वही मागितली. तिला थोडंफार वाचता येतं, पण हे नाही. तिने पानावर बोट ठेवलं.

"हितं लिवलंय का?"

"हाव. तितंच."

ते तिथेच आहे की नाही, मला कुठे माहीत होतं. तिने त्या राखाडी पानावरून बोट फिरवलं. बोटाला काळं लागलं ते पाहिलं. मग हसल्यासारखी झाली.

"उद्या येतो म्हनला आन आजच निघाला. एक बोलायचा, एक करायचा. ल्हानपनापास्नं तसाच." वही मिटून ती म्हणाली, "म्हंजे माझ्यापायी घाई न्हवती त्याला."

"न्हवती," मी म्हटलं. माझं बोट माझ्या गुडघ्यावर चाललं होतं. ते मला थांबवता येईना.

ती उठली, सूप आत ठेवलं, चूल पेटवली. दोघींच्या भाकरी केल्या. ताट वाढता वाढता, माझ्याकडे न बघता, रोजचंच काही सांगावं तशी म्हणाली, "दार लाव बाई. कुत्रं येतंय आत."

मी उठले. कडीला गंज चढला होता. दोन्ही हातांनी ओढली तेव्हा बसली.